घास भरवण्याआधी



मुळशी तालुक्यातल्या पौडला अंगणवाडी सेविकांना शिकवायला जाते, तेव्हा पहिला तासभर मी फळ्याकडं वळतच नाही. सगळ्यांना सांगते, मान पूर्ण मागं टाका, छताकडं बघा आणि आवंढा गिळा. कुणीतरी लगेच म्हणतं, "बाई, गिळवत नाही हो." मग हनुवटी जराशी खाली घ्यायला लावते. आता गिळवतं.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या कितीतरी मुलांची मान धरत नाही. घरी मांडीवर आडवं घेऊन, तोंड वर करून त्यांना भरवतात. आई मायेनंच भरवते, पण घास श्वासनलिकेकडं जातो. ठसका लागतो, छाती पुन्हा पुन्हा भरते, वजन वाढत नाही. रजिस्टरवर ते मूल 'कमी वजनाचं' म्हणून नोंदलं जातं आणि आहार वाढवा असा सल्ला मिळतो. आहार असतो हो, तो नीट पोटात जात नसतो! त्याला बसतं करायचं, पाठीला आधार द्यायचा, आपण समोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसायचं आणि चमचा समोरून, थोडा खालून न्यायचा. हे हातांनी करूनच शिकावं लागतं. मी शिकले तेव्हा वह्या भरून व्याख्या लिहिल्या, पण असं एकही मूल कुणी माझ्या मांडीवर दिलं नाही. ती उणीव मला पुढं फार जाचली.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. सेविकेनं ते पाठ करावेत असं मला वाटत नाही. तिला खुणा कळाव्यात. नऊ-दहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर थांबायचं नाही. "याचा मामाही उशिराच बोलला" असं आजी म्हणतेच. आजीचा मान राखून आईला तपासणीला न्यायचं. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची असतात. मधले सगळे दिवस सेविकेचीच नजर असते. नोव्हेंबर 2023मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती आणली, तिच्यातही लवकर ओळखणं, सामावून घेणं आणि पुढं पाठवणं हे काम सेविकेकडंच आहे. एवढा भार टाकायचा, तर एका दिवसाच्या वर्गावर भागणार नाही. शिकवणाऱ्यानं तिच्या अंगणवाडीत जाऊन शेजारी बसायला हवं.

असं दारी जाणं नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, तेव्हा मुलं येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या मुळशीत डोंगरावर धनगरवाडे आहेत, कातकरी वस्त्या आहेत. पावसाळ्यात तिथून न चालणारं मूल कडेवर घेऊन येणं किती अवघड, ते त्या आयांना विचारा.

अशाच एका वस्तीवरच्या सेविका ताईंनी वर्गानंतर महिन्याभरानं मला त्यांच्या अंगणवाडीत नेलं. दोन भिंतींच्या कोपऱ्यात गोधडीच्या वळकट्या लावून चार वर्षांचा मुलगा बसवला होता. वाटीभर मऊ खिचडीला अर्धा तास लागला. बाकीची पोरं हात धुऊन खेळायला पळाली होती. एक चिमुरडी मात्र गेली नाही. त्याची वाटी दोन्ही हातांनी धरून ती ताईंना सांगत होती, "थांबा, त्यानं अजून गिळलं नाही."