तणाच्या यादीतली भाजी
(देवणी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाबद्दल आपण नेहमी बोलतो, आजही बोलू. त्याआधी थोडे जेवणाबद्दल. ज्याला बाजारात भाव नाही त्याचा आपण हिशोबच ठेवला नाही, अशी ही गोष्ट आहे.

आम्ही शेतकीची पदवी घेत होतो तेव्हा खरिपातली तणे वाळवून, कागदावर चिकटवून फाईल करावी लागे. घोळ, कुरडू, केना, तरोटा, तांदूळजा, पाथरी. प्रत्येकाखाली शास्त्रीय नाव आणि बंदोबस्ताचा उपाय. मार्क चांगले पडले. सुट्टीत फाईल घरी नेली, तर आई म्हणाली, "एवढी भाजी वाळवून कशाला नासवलीस रे?"

तेव्हा आम्ही हसलो. आता कळते की फाईल अर्धी होती, उरलेली अर्धी चुलीपाशी होती.

मृगाचा पाऊस झाला की तरोटा उगवतो. कोवळी पाने उकडून, पिळून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर लसूण-मिरचीच्या फोडणीत घालावीत. पाने जून झाली की ती चव राहात नाही. घोळ आंबटसर, तुरीच्या वरणात टाकली की चिंच कमी लागते. श्रावणात बांधावरच्या काटेरी झुडपांवर करटुल्याचा वेल चढतो. कांद्यावर परतून वर तिळाचे कूट घाला, पोरे भाकरी मागून घेतात. करटुल्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. नराला फळ नाही म्हणून तो उपटला, तर मादीलाही फळ धरणार नाही. खाली कंद असतो, तो राखला तर पुढच्या पावसात वेल आपोआप येतो. आणि ज्वारीच्या कडेची अंबाडी! कण्या घालून शिजवलेली, वर लसणाचे कढत तेल. ती ज्याने खाल्ली त्याला आम्ही काय सांगावे?

आता छत्र्यांचे. पावसात वारुळावर छत्र्या उगवतात. वाळवी आपल्या पिकाची वैरी, पण वारुळात ती स्वतः बुरशीची शेती करते. तिथली छत्री त्याच शेतीचे पीक. चव मटणाच्या जवळ जाते. पण सावध राहा. चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे छत्री बिनविषारी, ही समजूत खोटी आहे. काही छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या-जुलाब कित्येक तासांनी सुरू होतात. जी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची नाही, ती खाऊ नका.

हौस असेल तर धिंगरी अळिंबी घरी लावा. सोयाबीनचे भुस्कट किंवा बारीक केलेली पऱ्हाटी रात्रभर भिजवायची, गरम पाण्यात निर्जंतुक करायची, निथळून पिशवीत थर देत बियाणे भरायचे. दोन-तीन आठवड्यांत पिशवी पांढरी होते. मग पिशवी काढून पाणी शिंपडत राहायचे. वीस ते तीस अंश तापमान लागते, म्हणून आपल्याकडे पावसाळा आणि हिवाळाच खरा; उन्हाळ्यात नाद करू नये. येसर लावून रस्सा करा. शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली, त्यातली माजघर शेती आम्हाला इथे आठवते.

पण खरा प्रश्न पुढे आहे. खुरपणीची मजुरी पिकाच्या भावात बसत नाही, म्हणून तणनाशक आले. त्यासाठी आम्ही शेतकऱ्याला दोष देणार नाही. भाव पाडणाऱ्यांनी ती वेळ आणली. तरीही हिशोब पुरा मांडू. खुरपणारी बाई संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन घरी जात असे. फवारणीने मजुरी वाचली, त्याबरोबर ती ओटीही रिकामी झाली. आपण फवारा मारतो तो बांधावरही जातो, आणि करटुल्याचा वेल तिथेच असतो. फवारलेल्या रानातली भाजी तर तोडूच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

देवणीच्या गाई-बैलांचे नाव देशभर आहे. ती जात इथल्या शेतकऱ्याने पारखून राखली. पारख गेली असती तर जातही गेली असती. भाजीचेही तसेच आहे, आणि ही पारख घरातल्या म्हाताऱ्या बायांकडे आहे.

म्हणून एवढेच करा. निदान एक बांध तणनाशकाशिवाय ठेवा. कोणता, ते घरातल्या बाईला ठरवू द्या. पुढच्या बैठकीला येताना त्या बांधावरची भाजी आणि भाकरी घेऊन या. आधी जेवू, मग भावाचे बोलू.