ते पुढे पाठवू नका

अकोला असो की अमरावती, दर्यापूर असो की मूर्तिजापूर, एखाद्या ग्रुपवर कधी लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराचा व्हिडिओ येतो. खाली लिहिलेलं असतं, 'नराधमाला पकडून द्या, सगळीकडे पाठवा.' चांगली माणसंही तळमळीनं तो पुढे धाडतात. आज मला त्या तळमळीशीच बोलायचं आहे.

व्हिडिओ जितक्या फोनवर उघडतो, तितक्यांदा त्या लेकराची अब्रू पुन्हा वेशीवर टांगली जाते. शिवाय असं चित्रण पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये, असं सांगितलं. कारण ही करमणूक नाही, हा लेकराचा छळ आहे.

मग करायचं काय? कळवायचं. मुंबईत १९८६ पासून कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी झटणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेच्या 'आरंभ' उपक्रमानं २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'इंटरनेट वॉच फाउंडेशन'शी हात मिळवला आणि असं चित्रण कळवण्याची सोय भारतात सुरू केली. आलेली तक्रार फाउंडेशनचे जाणकार तपासतात, चित्रण कुठल्या देशातल्या सर्व्हरवर आहे ते शोधतात आणि ते उतरवायला लावतात. त्या चित्राचा आकड्यांमधला ठसाही घेतला जातो. तेच चित्र पुन्हा चढवलं, तर त्या ठशावरून ओळखता येतं. चित्र एका देशात, सर्व्हर दुसऱ्या देशात; एकट्या संस्थेच्या हातून हे होणारं नाही, म्हणून ही भागीदारी.

आपल्याला एवढंच करायचं आहे: ग्रुपचं नाव आणि पाठवणाऱ्याचा नंबर टिपून घ्या, पोलिसांना सांगा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर कळवा. तिथं नाव न सांगताही तक्रार देता येते. लेकरू संकटात असेल, तर १०९८ लावा.

आणि तुमच्याच घरातलं पोर एखाद्या रात्री रडवेलं होऊन म्हणालं, 'माझा फोटो कोणाजवळ तरी आहे, तो धमकी देतो', तर हात उगारू नका, फोन हिसकावू नका. धमकीचे मेसेज तसेच राहू द्या. तो पुरावा आहे. पोराला जवळ घ्या आणि आधी एवढंच म्हणा, 'सांगितलंस, बरं केलंस बाळा. तुझी चूक नाही.'