बँकॉक : दोन दिवस आणि एक नदी


बँकॉकला जाताय, आणि हाताशी दोनच दिवस आहेत?
मग एक गोष्ट लक्षात ठेवा.
नदी धरून चला.

या नदीचं नाव चाओ फ्राया.
1782 मध्ये तिच्या पूर्व काठावर राजधानी वसली.
म्हणून जुनं शहर आजही काठालगतच सापडतं.

स्कायट्रेननं सफान ताक्सिन स्थानकावर उतरा.
खालीच धक्का आहे.
तिथून बोट घ्या.
रस्त्यावरची कोंडी मागे राहते.

पहिला थांबा, राजवाडा.
सकाळी दार उघडताच पोहोचा.
खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर आत सोडत नाहीत.
वाटेत कुणी म्हणालं, 'आज राजवाडा बंद आहे', तर दारापर्यंत जाऊन स्वतः पाहा.
असं सांगून भलतीकडे नेणारे भेटतात.

आतल्या ओवरीत मात्र घाई करू नका.
भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय.
थाई लोक त्याला रामकियेन म्हणतात.
पांढराशुभ्र मारुती तर लगेच ओळखू येतो.
सोबत आजी-आजोबा असतील, तर त्यांना इथे हवा तेवढा वेळ द्या.

जवळच वाट फो.
तिथे पहुडलेले बुद्ध, 46 मीटर लांब.
मग छोट्या होडीनं पलीकडे, वाट अरुणला.
वाट म्हणजे देऊळ.
आणि अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा.
मला मात्र हे देऊळ संध्याकाळी, अलीकडच्या काठावरूनच जास्त आवडतं.

दुसरा दिवस बाजारांसाठी ठेवा.
पण तेव्हाही नदी धरा.
चायनाटाउनला राचावोंग धक्क्यावरून चालत जाता येतं.