काळ्या मातीचा मुलूख

काळ्या जमिनीचे गुण तुम्हांस आम्ही सांगूं लागणें म्हणजे लोहाराला घण धरायला शिकवणें होय. परंतु युक्रेन व दक्षिण रशिया या मुलखांतही शेंकडों कोस काळीच जमीन पसरली आहे. तिला तिकडे 'चेर्नोझेम' म्हणतात. अर्थ एवढाच, काळी माती.

आपल्या देशावरची काळी काळ्या फत्तराच्या झिजेनें झाली. त्यांची गवतानें केली. तें रान सपाट, झाडें थोडीं, गवत उदंड. दरसाल गवत मरे, मुळें जमिनींतच राहत; पण कडाक्याची थंडी आणि उन्हाळ्याची कोरड यांमुळें तीं पुरतीं कुजत नसत. हजारों वर्षें असें सांठत सांठत कांहीं ठिकाणीं काळा थर दोन-तीन हात खोल झाला. वासिली दोकुचायेव या रशियन पंडितानें तो मुलूख पायांखालीं घालून १८८३ सालीं या मातीवर मोठा ग्रंथ लिहिला. घरांत बसून लिहिणारा पंडित तो नव्हे!

मग अशा जमिनीचा कुणबी पोटभर जेवत असेल? १८६१ पर्यंत त्यांतले लाखों लोक धन्याच्या मालकीचे भूदास होते. सुटका झाली, पण मिळालेल्या जमिनीची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनीं फेडण्याचें गळ्यांत पडलें. कुरणें व चांगले तुकडे पुष्कळ ठिकाणीं धन्याकडेच राहिले. हप्त्यापायीं धान्य सुगींतच विकावें लागे. कणगींत काय उरणार? १८९१ सालीं पाऊस गेला, आणि याच काळ्या मातीच्या प्रांतांत व व्होल्गा नदीकांठीं दुष्काळ पडला. धान्य परदेशीं जाणें सरकारनें बंद केलें तें ऑगस्टांत. उपासमार व रोगराई यांनीं लाखों माणसें गेलीं.

दोकुचायेव स्वस्थ बसला नाहीं. १८९२ पासून व्होरोनेझ प्रांतांत त्यानें वावरांच्या कडेनें झाडांचे पट्टे लावविले, तळीं बांधविलीं. कोरडा वारा अडावा, बर्फाचें पाणी जमिनींत मुरावें, हा हेतु. त्यांतले कांहीं पट्टे आजही उभे आहेत.

पण वारा अडविणारें झाड धान्य नेणारा हात अडवीत नाहीं. १९३२-३३ सालीं युक्रेनमध्यें सोव्हिएत सरकारनें ठरविलेला वांटा भरून घेण्यासाठीं घरोघर झडत्या घेऊन धान्य नेलें. कित्येक लाख माणसें त्या काळ्या आईच्या मांडीवर भुकेनें मेलीं. ऑगस्ट १९३२ चा कायदा असा होता कीं, सामुदायिक शेतांतलें धान्य चोरणाऱ्यास देहांत शिक्षा, नाहींतर दहा वर्षांची कैद. कापलेल्या रानांत सरवा वेचणारींनाही तो लागू झाला.