एक हात अंतरावरचं विमान

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'तर' जमेल तेवढे काढले आहेत. सगळे निघालेले नाहीत.)

आजचा विषय जरा विचित्र वाटेल. म्हातारपण आणि प्लॅस्टिकची विमानं. ऐकणारे तुम्ही बहुतेक जण विशी-तिशीतले, मीही त्यातलाच, त्यामुळे "हे आपल्याला कशाला?" असं वाटू शकतं. पण घरात बारीक हातकाम करणारं कुणी असेल, भरतकाम करणारी आजी, रेडिओ खोलून बसणारे बाबा, तर थोडा वेळ थांबा.

मराठीत एक मजा आहे. 'चाळिशी' म्हणजे वयही आणि जवळचं बघायचा चष्माही. "अगं, माझी चाळिशी कुठे ठेवलीस?" हे वाक्य घराघरात ऐकू येतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शरीरशास्त्र भाषेत आधीच शिरलेलं आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि जवळ बघताना त्याला जो फुगवटा यायला हवा तो येत नाही. दहा वर्षांच्या पोराला नाकासमोर सात-आठ सेंटीमीटरवरचंही स्पष्ट दिसतं. साठी ओलांडली की चष्म्याशिवाय तोच बिंदू हातभर लांब किंवा त्याच्याही पलीकडे जातो. आणि स्केल मॉडेलचं सगळं काम त्या हातभर अंतराच्या आत असतं.

माझे मोठे काका गेली तीसेक वर्षं विमानांची मॉडेल्स करतात. आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर टूलरूममध्ये नोकरी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलेले हात. दीडेक वर्षापूर्वी ते मला म्हणाले, "कपाटावरची खोकी कुणाला तरी देऊन टाक रे. आता नाही होत." न उघडलेली छत्तीस किट होती. मी मोजली.

तर आज मला हे सांगायचंय की त्या 'नाही होत'मध्ये नेमकं काय काय असतं. कारण ती एक गोष्ट नसते, चार-पाच गोष्टींची गाठ असते. आणि त्यातल्या बऱ्याच सुटतात.

पहिली गोष्ट स्केल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १/७२ म्हणजे खऱ्या सहा फुटांचा इथे एक इंच. मिग-२१ घ्या, २०२५च्या सप्टेंबरमध्ये हवाई दलाने निरोप दिला ते. पंखांची लांबी खऱ्या विमानात ७.१५ मीटर. १/७२ मध्ये जेमतेम दहा सेंटीमीटर, १/४८ मध्ये पंधरा आणि १/३२ मध्ये साधारण साडेबावीस. कॉकपिटमधली आठ सेंटीमीटरची गोल तबकडी १/७२ मध्ये एक मिलिमीटरच्या आसपास येते, १/३२ मध्ये अडीच. जहाजांच्या १/७०० मध्ये तर अख्खा माणूसच अडीच मिलिमीटरचा. तो रंगवणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

म्हणून सोपा उपाय, मोठं स्केल घ्या. पण यात एक खोच आहे. स्केल मोठं झालं की कंपन्यांना चेव येतो. इंजिन दाखव, आतल्या नळ्या दाखव, उघडणारी झाकणं दाखव. सुटे भाग तिप्पट होतात आणि त्यातले निम्मे पुन्हा तांदळाएवढेच. तेव्हा खोक्यावर स्केल बघण्याआधी पार्ट्सची संख्या बघा. मोठं स्केल आणि कमी भाग, अशी साधी, जुन्या पद्धतीची किट शोधायची. किंवा बांदाईची गुंडामवाली किट, जी गोंदाशिवाय नुसती दाबून बसतात. तुमच्यातल्या कित्येकांनी ती केली असतील. काकांना मात्र रोबो चालत नाहीत. "त्याला पंख कुठायत?" असं विचारतात. विषय संपला.

स्केल बदलायला काकांचा विरोध होता, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "मी सेव्हन्टी-टूवाला," असं ते म्हणायचे, जणू काही घराणंच. एक गंमत सांगतो. रणगाड्यांमध्ये जगभर १/३५ चालतं. हे स्केल आलं कुठून? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात एवढा त्याचा आकार ठेवला. पुढे त्याच मापात दुसरे रणगाडे काढायचं ठरलं, तेव्हा मोजून पाहिलं, तर साधारण १/३५ निघालं. झालं, तेच रूढ. म्हणजे ज्याला लोक धर्म मानतात ते मूळचं बॅटरीचं माप आहे. हे ऐकून काका बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बरं, अठ्ठेचाळीस बघू."

पण खरी अडचण वेगळीच होती, ती नंतर कळली. काचेच्या कपाटात त्यांनी पंचेचाळिशीत केलेलं १/७२चं हंटर विमान आहे. कॉकपिटच्या काचेच्या कडा केसासारख्या सरळ रंगवलेल्या. नवीन काही केलं की ते त्याच्या शेजारी ठेवलं जायचं, आणि हरायचं. डोळे कमी पडत होते हे खरंच, पण खोकी देऊन टाकायची भाषा त्या हंटरमुळे आली होती. १/४८चं मिग शेजारी ठेवलं तर तुलनाच होत नाही. ते दीडपट मोठं, वेगळीच वस्तू. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, बेंचमार्कच बदलला.

आता चष्मा. हे नीट ऐका, कारण फुकटात होण्यासारखं आहे. वाचायच्या चष्म्याचा नंबर साधारण चाळीस सेंटीमीटरवरचं पुस्तक धरून काढतात. मॉडेल करताना वस्तू असते तीस, कधी पंचवीसवर. हिशेब सोपा आहे. ज्याला लांबचा नंबर नाही आणि ज्याच्या भिंगात लवचीकपणा उरलेला नाही, त्याला +२ चा चष्मा अर्ध्या मीटरवर स्पष्ट दाखवतो, +३ तेहतीस सेंटीमीटरवर, +४ पंचवीसवर. म्हणून कामाला बसल्यावर डोळ्यापासून वस्तूपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा डोळे तपासणाऱ्याला सांगा. मॉडेलसाठी चष्मा वेगळाच करा. काकांचा प्रोग्रेसिव्ह होता. त्यात जवळचं बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि तासाभरात मान धरते.

त्यावर डोक्याला लावायचं भिंग. इथे हाव नको. जास्त पॉवरचं भिंग घेतलं की वस्तू नाकाशी आणावी लागते, हातात ब्रश धरायला जागा उरत नाही, आणि जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो. पावणेदोन ते अडीच पट एवढं पुष्कळ.

उजेडाचं तर लोकांना पटतच नाही. वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळट होतं, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. तुम्ही बाबांच्या खोलीत जाऊन "एवढे दिवे कशाला लावलेत?" म्हणता ना, तो तुमच्या डोळ्यांचा हिशेब आहे. टेबलावर दोन दिवे, डावीकडून आणि उजवीकडून, म्हणजे हाताची सावली पडत नाही. बल्ब मात्र थेट डोळ्यात यायला नको. मोतीबिंदू सुरू झालेला असेल तर ती तिरीप फार त्रास देते.

मोतीबिंदूवरून आठवलं. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, ते दोन महिने आमच्याकडे नुसता खेळ चालला होता. एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा. नव्या डोळ्याला निळे रंग एकदम लख्ख आणि जुन्या डोळ्याला सगळ्यावर चहाचं पाणी फिरवल्यासारखं. गेल्या पाच-सहा वर्षांतली एकूण एक करडी विमानं त्यांना अचानक निळसर दिसायला लागली. चित्रकार मोनेचं १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यालाही रंगांचा असाच घोळ झाला होता. आता काका रंग डोळ्याने मिसळत नाहीत, बाटलीवरच्या नंबरवर विश्वास ठेवतात.

हात. हात थरथरणं हा सगळ्यात नाजूक भाग, कारण माणूस ते लपवतो. काम करताना हात कापणं वेगळं आणि हात मांडीवर निवांत असताना कापणं वेगळं. दोन्हींमागची कारणं वेगळी असू शकतात. थायरॉइड, दम्याचा पंप, काही औषधं यांनीही होतं. ते आपण गुगलवर ठरवायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. चहा-कॉफी आणि घाई, या दोन्हींनी थरथर वाढते, एवढं मात्र घरी बघता येतं. काका आता सकाळच्या चहाच्या आधी अर्धा तास बसतात. काकूंना हे अजिबात मंजूर नाही.

बाकी सगळा खेळ टेकूचा आहे. अधांतरी हात कापतो, टेकलेला हात बराच कमी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं टेबल बघा, छातीपर्यंत उंच असतं. कोपरं टेकतात आणि वस्तू डोळ्याजवळ येते. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर चौरंग ठेवला. दोन्ही मनगटं त्याच्यावर टेकवायची, दोन्ही करंगळ्या एकमेकींना लावायच्या, म्हणजे कापले तरी दोन्ही हात एकत्र कापतात. ब्रशपेक्षा मॉडेल फिरवायचं. ब्रशच्या दांडीला स्पंज गुंडाळून ती जाड करायची, अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर याने फार फरक पडतो. आणि उलटा चिमटा घ्यायचा, जो दाबला की उघडतो आणि सोडला की धरतो. साधा चिमटा धरून ठेवायला सतत जोर लागतो, आणि त्या जोरानेच भाग 'टिंग' करून उडतो. एकदा उडाला की फरशीवर सापडत नाही, हा जागतिक नियम आहे. छोटा भाग फ्रेमवरून कापताना झिपवाल्या पारदर्शक पिशवीत हात घालून कापा, उडाला तरी पिशवीतच राहतो. पारदर्शक काचा काळ्या कापडावर ठेवा, नाहीतर डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत.

तंत्रही थोडं बदलतं. पातळ सिमेंट असेल तर दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक फक्त टेकवायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, अचूक रेघ मारायची गरज नाही. बोट तेवढं सांध्यावर नको, नाहीतर ठसा कायमचा. डिकॅल लावताना पंखावर पाण्याचं थारोळं करायचं, म्हणजे चित्र तरंगतं आणि जागेवर सरकवता येतं. कॉकपिटच्या काचेच्या कडांसाठी तयार कापलेले मास्क मिळतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर धारदार पातं जपून, शक्य तिथे पॉलिश पेपरनेच घासा.

आणि काही भाग सरळ सोडून द्या. हे काकांना जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, ज्या मॉडेल उलटं केल्याशिवाय दिसत नाहीत, त्या आता लावत नाहीत. इथे आपल्या पिढीचा थोडा दोष आहे असं मला वाटतं. आपण फोनचा मॅक्रो कॅमेरा मॉडेलच्या नाकाशी नेतो, चार बोटांएवढं विमान स्क्रीनभर करतो, आणि मग म्हणतो, "इथे रंग जरा बाहेर गेलाय." मॉडेल शेल्फवर ठेवून हातभर अंतरावरून बघायची वस्तू आहे. त्या अंतरावरून बाहेर गेलेला रंग दिसत नाही, विमान दिसतं.

फोनचा चांगला उपयोग वेगळा आहे. किटबरोबरचा सूचनांचा कागद बारीक अक्षरांत असतो. त्याचे फोटो काढले आणि घरातल्या टीव्हीवर लावले. भाग क्रमांक सी-एकोणीस आता एका फुटाचा दिसतो. यासाठी बीटेक लागत नाही.

मदतीबद्दल एकच. "द्या, मी लावतो" हे वाक्य फार गोड असतं आणि त्याने माणूस खुर्चीतून उठतो, तो परत बसत नाही. आमचं ठरलंय, मागितल्याशिवाय मी हात लावायचा नाही. खाली पडलेलं शोधणं मात्र माझं काम. गुडघे माझे चांगले आहेत.

छत्तीसपैकी एकवीस खोकी आम्ही खरंच देऊन टाकली, सगळी १/७२ची. ती खाली नेताना काका गॅलरीत उभे होते, काही बोलले नाहीत. हंटर कपाटात आहे तिथेच आहे.

मिगचे डिकॅल लागलेत. डाव्या पंखावरचं वर्तुळ किंचित फिरलंय, ते त्यांना माहीत आहे आणि राहू दे म्हणालेत. नाकावरची लांब सुईसारखी पिटो नळी अजून बाकी आहे. किटमधली प्लॅस्टिकची हात लागून दोनदा मोडली, म्हणून औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सुई आणली आहे, टोक घासून बोथट केलेली. ती सगळ्यात शेवटी लावायची, रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

चला, आजच्यासाठी एवढंच. पुढच्या भागात भेटू.