इमारतीचा अंगरखा

(व्याख्यानाचा सारांश)



आपल्या वाशीम, कारंजा, रिसोडकडे इमारत बांधायची म्हटली की दर्शनी भाग कसा दिसेल, याचा विचार आज प्रथम होतो. काच हवी, ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे हवेत. पण हा अंगरखा आपल्या उन्हाला मानवेल काय, हे क्वचितच विचारले जाते.

आपली जुनी घरे पाहा. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, वरून चुन्याचा हात. पांढरा चुना बरेचसे ऊन परतवून लावतो. उरलेली उष्णता जाड भिंत सावकाश आत सोडते. नऊ इंची विटांच्या भिंतीतूनही ती आत यायला कित्येक तास लागतात. तोवर शाळा सुटलेली असते. घरात मात्र ती रात्री जाणवते, म्हणूनच आपली माणसे अंगणात बाजा टाकून झोपत.

काचेचे उलट आहे. साधी एकपदरी काच ऊन सरळ आत घेते आणि आत साठलेली उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. बाहेरच्या तप्त हवेची उष्णताही नऊ इंची भिंतीपेक्षा तिच्यातून सुमारे अडीच-तीन पट अधिक शिरते. मग वातानुकूलन यंत्र आलेच.

ॲल्युमिनियमचे पत्रे मागे पोकळी सोडून, वर-खाली हवेला वाट ठेवून बसविले, तर ते भिंतीवर सावली धरतात. परंतु ज्यांच्या पोटात पॉलिथीन असते ते शाळेला नकोत. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये अशाच पत्र्यांमुळे आग झपाट्याने पसरली व 72 माणसे दगावली.

आता दिशेचा विचार करू. वाशीम सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 20 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाचा खरा मारा छतावर आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर होतो. दक्षिणेकडील भिंतीवर फारच थोडा. तेव्हा दर्शनी सजावटीचा पैसा आधी छताच्या पांढऱ्या लेपाला आणि पश्चिमेच्या व्हरांड्याला द्यावा. त्या बाजूला कडुनिंब लावावेत.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. 2018 च्या इको निवास संहितेने निवासी इमारतींसाठी, आपल्यासारख्या उष्ण हवामानात, छत वगळून बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घातली आहे. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. भिंती थंड असतील तरच हे साधते.

मित्रहो, शाळेचे वीजबिल शेवटी पालकांच्या घामातूनच भरले जाते. त्यातून वाचलेला रुपया ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला, एखाद्या गरीब मुलीच्या शुल्काला उपयोगी पडेल. म्हणून नकाशा मंजूर करण्यापूर्वी वास्तुविशारदाला एवढेच विचारा : एप्रिलमध्ये दुपारी पश्चिमेच्या वर्गात मूल बसू शकेल काय?