आधी वीज बंद, मग तार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चौतीस वर्षे आम्ही प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले. आमचे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकपलीकडे गेले नाही. अशा माणसाने विजेच्या यंत्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या नातीने शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी कागदावर रांगोळी रेखणारे यंत्र करावयास घेतले आणि मदतनीस म्हणून आमची नेमणूक झाली. त्या मदतीत आमच्या हातून एक अपराध घडला. तो सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

अशा यंत्रास स्टेपर मोटर लागते. पंख्याची मोटर वीज मिळताच गरगर फिरते. ही मात्र पावलापावलाने सरकते. आमच्या मोटरीचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यास २०० पावले. पाऊल केव्हा टाकावे हा हुकूम लहानसा संगणक देतो. पण मोटरीस पुरेल एवढा प्रवाह त्याच्यापाशी नसतो. तो पुरविण्याचे काम ड्रायव्हर करतो.

ड्रायव्हर निवडताना मोटरीचे अँपिअर प्रथम पाहावेत. व्होल्टांच्या आकड्याने पुष्कळांचा गोंधळ होतो. आमच्या मोटरीचा आकडा ३ व्होल्टांहूनही कमी, आणि जोडावयाचे होते १२ व्होल्ट! परंतु ड्रायव्हर प्रवाह क्षणोक्षणी तोडून ठरविलेल्या मर्यादेत राखतो, म्हणून मोटर जळत नाही. आमच्या मोटरीस १.५ अँपिअर चालत. ए ४९८८ हा स्वस्त ड्रायव्हर हीटसिंकवाचून सुमारे १ अँपिअर पेलतो. पेन ओढण्याचे काम हलके, तेव्हा ०.८ अँपिअर पुरेत, असे आम्ही ठरविले. ड्रायव्हरवरील चिमुकला स्क्रू फिरवून ही मर्यादा बांधता येते. आमच्या ड्रायव्हरवरील रोध ०.१ ओहमचा होता. त्या हिशेबाने मल्टिमीटरवर ०.६४ व्होल्ट दिसावयास हवे होते.

मोटरीच्या चार तारा म्हणजे दोन वेटोळ्यांच्या दोन जोड्या. रंगांवर विसंबू नये. ज्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर थोडे ओहम दाखवितो, ती एक जोडी. जोड्या चुकल्यास मोटर जागच्या जागी थरथरते. मोटरीस वीज येते तेथे, ड्रायव्हरलगत, १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर धन-ऋण पाहून जोडावा. तो विजेचे अचानक येणारे हिसके झेलतो. संगणकाची व ड्रायव्हरची ऋण तार एकमेकींस जोडलेली असावी.

हे सर्व नातीने नीट केले. प्रदर्शनास दोन दिवस उरले असता एक मोटर उलट फिरते, असे दिसले. एका जोडीतील तारांची अदलाबदल केली की दिशा बदलते, हे आम्ही वाचले होते. नात पाणी पिण्यास उठली, आणि आम्ही वीज चालू असतानाच मोटरीच्या तारा उपटल्या. त्या उलटून पुन्हा बसविल्या, तो मोटर निपचित! नात परतताच आम्ही तिच्यावरच रागावलो, "तूच काहीतरी चुकीचे जोडले असशील." ती काही बोलली नाही. वही उघडून एकेक तार बोटाने पडताळू लागली. सर्व तारा बरोबर होत्या.

रात्री आम्ही माहितीपत्रक पुन्हा वाचले. वीज चालू असता मोटर सोडविल्यास ड्रायव्हर निकामी होतो, असे त्यात स्पष्ट होते. चौतीस वर्षांत किती मुलांस आम्ही असेच न तपासता दोषी ठरविले असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी आम्ही नातीपुढे चूक कबूल केली. ती एवढेच म्हणाली, "आजोबा, आधी वीज बंद, मग तार." नवा ड्रायव्हर आणला, ०.६४ व्होल्ट पुन्हा मोजून घेतले, आणि यंत्राने आठ पाकळ्यांचे कमळ रेखले. बक्षीस मिळाले नाही. त्याचे दुःखही झाले नाही.

आमचे वडील सुतारकाम करीत. गुण्याने रेघ मारल्यावाचून त्यांनी लाकडास कधी करवत लावली नाही. हा वारसा आम्ही विसरलो होतो. नातीने तो परत दिला. आपल्या घरांतील मुलामुलींस एक मल्टिमीटर अवश्य घेऊन द्यावा. आणि काही बिघडल्यास, मुलांस बोल लावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी आपलाच हात आधी तपासावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.